मालवणात गव्हाशिवाय: बाजारामागच्या घरगुती खानावळीबद्दल

माझ्या मुलीला सिलिअ‍ॅक आहे. गहू, जव यांतलं ग्लूटेन हे प्रथिन पोटात गेलं की तिचं शरीर स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटतं. पथ्य जन्मभराचं आहे आणि त्यात ‘एखाद्या घासाने काय होतंय’ चालत नाही. पोळ्या भाजलेल्या तव्यावर टाकलेली भाकरीसुद्धा नडते. त्यामुळे सुट्टीला कुठे जायचं हे आमच्याकडे आधी जेवणावरून ठरतं. किनाऱ्यावरच्या गावांत माझी पहिली पसंती मालवणला, आणि ती मुख्यतः या खानावळीमुळे.

घराच्या पडवीत चार टेबलं आणि स्वयंपाकाला स्वतः काकी. ग्लूटेन हा शब्द त्यांना नवा होता, म्हणून मी सरळ सांगितलं, “काकी, गहू, मैदा, रवा, शेवया, यातलं काहीच चालत नाही. त्याचा हातही लागायला नको.” त्यांनी मला थेट आत चुलीपाशी नेलं. घावण्यांचा बिडाचा तवा दाखवला, काळाभोर, तेल पिऊन तुकतुकीत झालेला. त्यावर घावण्यांशिवाय काही पडत नाही. पोळी भाजली की तवा बिघडतो, मग घावणे चिकटतात, म्हणून तो वेगळा ठेवायचा हा त्यांच्या सासूबाईंपासूनचा शिरस्ता. ज्या काळजीसाठी मी शहरातल्या हॉटेलांत हात जोडत फिरते, ती इथे आपसूक पाळली जाते! तांदळाचं पातळ पीठ वाटीने तव्यावर ओतलं, झाकण ठेवलं, आणि काढलं तेव्हा घावण्याला नुसती जाळी पडलेली. सोबत नारळाचा गुळ घातलेला रस. मुलगी पोटभर जेवली, आणि मी तिच्या ताटाकडे लक्ष न ठेवता माझं जेवले. ज्यांच्या घरी हे पथ्य आहे त्यांना कळेल हे केवढं सुख आहे.

दुपारच्या थाळीत उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचं तिखलं, तिसऱ्यांचं सुकं, सोलकढी. तळलेल्या माशाला तांदळाचं पीठ. सकाळी सांगून ठेवलं तर काळ्या वाटाण्याची उसळही मिळते. भाकरीचं मात्र विचारा: भाकरीच्या तव्यावर इतर गिऱ्हाइकांच्या पोळ्याही होतात. काकींनी ते स्वतःहून सांगितलं, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला. आम्ही भाकरी सोडली, घावणे घेतले.

वड्यांचं प्रत्येक घरी वेगळं. कोंबडी-वड्यांच्या पिठात तांदूळ, उडीद, चण्याची डाळ, धणे, मेथी हे असतंच, पण काही घरांत गहूही घालतात. काकी म्हणाल्या, “आमी गहू घालूक नाय, पण बाय, पीठ गिरणीतला आसा.” म्हणजे आधी कुणाचे गहू दळले असतील तर झालं. वडे तेवढ्यावरच राहिले. दुसरी शंका हिंगाची. बाजारात मिळणाऱ्या बांधणीच्या, म्हणजे पीठ-डिंक मिसळलेल्या, हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं. आमटीतला हिंग वगळायला सांगितलं, त्यांनी वगळला. खोबऱ्याच्या वाटपाच्या आमटीला त्याची उणीव भासत नाही.

किनाऱ्यालगतच्या एका मोठ्या हॉटेलात याच्या उलट अनुभव आला. वेटरने खात्रीने सांगितलं, “मैदा नाही ताई, बिनधास्त घ्या.” सुरमई आली ती रव्यात घोळवलेली. रवा गव्हाचाच असतो हे तिथे मॅनेजरलाही समजावून सांगावं लागलं. नव्याने तळून देतो म्हणाले, पण त्याच कढईत, त्याच तेलात. भूक लागलेल्या लेकराला समोरच्या ताटावरून उठवावं लागलं, त्याचा राग अजून गेलेला नाही. पर्यटकांना रवा फ्राय आवडतो हे मान्य, पण विचारल्यावर खरं उत्तर मिळायलाच हवं.

पाकिटातल्या गोष्टींसाठी मालवणवर विसंबू नका. आपल्याकडच्या नियमानुसार ‘ग्लूटेन फ्री’ लिहायला किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, आणि तसा उल्लेख असलेली बिस्किटं, ब्रेड घरूनच न्या. बाजारातला खाजा चण्याच्या पिठाचा आणि गुळाचा असतो, तरी दुकानागणिक विचारा, त्याच कढईत दुसरं काय तळतात तेही विचारा.

खानावळीत आदल्या संध्याकाळी सांगून जावं लागतं. ऐनवेळी गेलात तर काकी नाही म्हणतील, आणि ते बरोबरच आहे, कारण घाईत तवे-उलथणी वेगळी राहत नाहीत. रात्री लवकर बंद होते. बसायची जागा साधी, पंखा एकच. १ जूनपासून मासेमारी बंद झाली की ताजे मासे नसतात. तेव्हा कुळथाची पिठी-भात मागा. तव्याचा प्रश्नच येत नाही, फक्त कुळीथ घरी जात्यावर दळलेत की गिरणीत, एवढं विचारून घ्या.