ब्रेड अँड रोझेस : काबूलच्या स्त्रियांनी स्वतःच टिपलेला माहितीपट

अफगाण दिग्दर्शिका सहरा मानी यांनी केलेला ‘ब्रेड अँड रोझेस’ हा सुमारे दीड तासाचा माहितीपट २०२३ मध्ये फ्रान्समधील कान चित्रपट महोत्सवात प्रथम दाखवला गेला आणि नोव्हेंबर २०२४ पासून तो ॲपल टीव्हीवर पाहता येतो. इंदूरच्या रामबागेतील आमच्या वाचनगटाने या वेळी पुस्तकाऐवजी हा माहितीपट निवडला आणि एका सदस्येच्या घरी तो एकत्र बसून पाहिला.

१५ ऑगस्ट २०२१ रोजी तालिबानने काबूलचा ताबा घेतला, त्यानंतरच्या काळातील तीन स्त्रियांची ही हकिगत आहे. झहरा दंतवैद्य आहे आणि तिचा दवाखाना हळूहळू आंदोलक स्त्रियांच्या बैठकांची जागा होतो. तरन्नुम या कार्यकर्तीला पाकिस्तानात आश्रय घ्यावा लागतो. सरकारी नोकरी गमावलेली शरीफा घरात अडकून पडते. मानी स्वतः देशाबाहेर होत्या. त्यामुळे यातले बरेचसे चित्रीकरण काबूलमधील स्त्रियांनीच आपापल्या फोनवर केले आणि ते मानी यांच्याकडे पाठवले.

या माहितीपटाचे सारे बळ त्या फोनमध्ये आहे. ‘नान, कार, आझादी’ (भाकरी, काम, स्वातंत्र्य) अशी घोषणा देत मोर्चा निघतो तेव्हा कॅमेरा रस्त्याच्या कडेला उभा नसतो. तो मोर्चातल्याच एका स्त्रीच्या हातात असतो आणि तिला पळावे लागले की चित्रही पळते. चौकट हलते, आवाज फाटतो, कधी समोर नुसती जमीन दिसते. पुण्यामुंबईच्या महोत्सवांतील नेटकी छायाचित्रणशैली पाहण्याची सवय असलेल्या आमच्यातील एका ज्येष्ठ सदस्येला हे खटकले. मला मात्र तोच याचा खरेपणा वाटला, कारण येथे चित्रीकरण करणे हाच प्रतिकाराचा भाग आहे आणि पकडल्या गेलेल्या स्त्रीच्या फोनमधील प्रत्येक दृश्य तिच्या मैत्रिणींविरुद्धचा पुरावा ठरू शकते. हे ध्यानात ठेवून पाहिले की चहा घेत चाललेली एखादी साधी बैठकसुद्धा श्वास रोखून पाहावी लागते. मोर्च्यांइतकीच, किंबहुना त्यांहून अधिक, घरातली दृश्ये मनात राहतात : काम करण्याची सवय असलेल्या बाईला दिवस कसा घालवावा हे कळेनासे होते, तेव्हा बंदीचा अर्थ एखाद्या हुकूमनाम्यापेक्षा अधिक स्पष्ट होतो.

मोठी उणीव कालक्रमाची आहे. दृश्यांमागून दृश्ये येतात, पण कोणते निर्बंध केव्हा आले हे नवख्या प्रेक्षकाच्या हाती नीट लागत नाही. म्हणून पाहण्यापूर्वी काही टप्पे माहीत असलेले बरे. सप्टेंबर २०२१ मध्ये माध्यमिक शाळा मुलांसाठी उघडल्या, मुलींसाठी नाही. मार्च २०२२ मध्ये त्या उघडण्याचे आश्वासन ऐन दिवशी मागे घेतले गेले. मे २०२२ मध्ये सार्वजनिक ठिकाणी चेहरा झाकण्याचा आदेश आला आणि डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठांचे दरवाजेही बंद झाले. ज्या शहराचे विद्यापीठ आणि विमानतळ दोन्ही अहिल्याबाईंच्या नावाने ओळखले जातात, तेथे बसून ही यादी वाचताना अवघडल्यासारखे होते, हे येथे नमूद करते. निर्मात्यांत हॉलिवूड अभिनेत्री जेनिफर लॉरेन्स यांचे नाव असल्याने प्रसिद्धी बरीच त्यांच्याभोवती फिरली. माहितीपटात मात्र तसा झगमगाट नाही, हे बरे झाले.

घरी दाखवायचा असल्यास मोठा पडदा आणि बरा ध्वनिक्षेपक हवा. फोनवरील आवाज टिपेला गेला की संवाद हरवतात आणि उपशीर्षकांवरच विसंबावे लागते. अटक आणि मारहाणीचे उल्लेख असल्याने लहान मुलांना सोबत बसवू नये.

आणखी एक तक्रार उरते. २०२१ पूर्वीचा काळ येथे केवळ हरवलेल्या स्वातंत्र्याच्या रूपात डोकावतो, त्यामुळे तेव्हा सारे आलबेल होते असा समज होऊ शकतो. तो दूर करण्यासाठी मानी यांचाच ‘अ थाउजंड गर्ल्स लाइक मी’ हा २०१८ चा माहितीपट अवश्य पाहावा. त्यात वडिलांच्या अत्याचारांविरुद्ध उभी राहिलेली खतेरा न्यायासाठी झगडते, आणि तेव्हा काबूलमध्ये सरकार तालिबानचे नव्हते.