कॅनडाची निवासी शाळा भरपाई योजना : अर्जापासून फाइलपर्यंत

निवासी शाळा म्हटलं की आपल्याला आश्रमशाळा आठवते. कॅनडातला प्रकार निराळा. १९२०च्या कायदा-दुरुस्तीने ७ ते १५ वयाच्या आदिवासी मुलांना बळजबरीने शाळेत धाडण्याचा अधिकार सरकारला मिळाला. तिथे मायबोलीत बोललं तर मार. अशी सुमारे दीड लाख मुलं. त्यांच्यासाठीची भरपाई योजना १९ सप्टेंबर २००७ला सुरू झाली. सेवा म्हणून ती कशी होती?

भरपाईच्या खिडक्या दोन. पहिली नुसतं शाळेत राहिल्याबद्दलची. हिशेब सोपा : पहिल्या वर्षाचे १०,००० डॉलर, पुढच्या प्रत्येक वर्षाचे ३,०००. वर्षातला काही काळ राहिलं तरी वर्ष पूर्ण धरायचं. म्हणजे सहा वर्षांचे २५,०००. अर्ज आले एक लाखावर, पैसे मिळाले सुमारे ७९ हजारांना.

अर्ज अडायचे ते हजेरीपटात. शाळांना अनुदान डोईमागे मिळे, म्हणून दर तिमाहीला मुलांच्या नावांचा तक्ता सरकारकडे जाई. तपासणी याच तक्त्यांवर. त्यातले बरेच गहाळ किंवा नष्ट. शिवाय मुलाचं घरचं नाव पुसून शाळेने दुसरं ठेवलेलं, स्पेलिंग दर तिमाहीला वेगळं. मधलंच वर्ष सापडत नसेल तर आधीच्या-नंतरच्या नोंदींवरून ते धरून घेत, ही सोय चांगली. पण कडेची, म्हणजे सुरुवातीची किंवा शेवटची, वर्षं कापली जात. मग फेरविचाराचा अर्ज, त्यावर अपील. फेरविचार तर कागद ज्याने हरवले त्याच्याकडेच मागायचा!

दुसरी खिडकी अत्याचारांची. ३८ हजारांहून जास्त दावे, ३ अब्जांवर डॉलर वाटप. सुनावणी बंद खोलीत, प्रश्न फक्त निवाडा अधिकारी विचारणार, उलटतपासणी नाही. शपथ बायबलवर किंवा गरुडाचं पीस हातात धरून. सोबत घरचं माणूस, जमातीतले वडीलधारे चालत. न्यायालयापेक्षा ही पद्धत शंभर पटींनी माणुसकीची. त्यानंतर मात्र तक्ता : कृत्याचे गुण, परिणामांचे गुण, हुकलेल्या संधींचे गुण. बेरीज १ ते १० आली तर ५ ते १० हजार डॉलर. १२१ किंवा त्याहून जास्त झाली तर २,७५,००० पर्यंत.

आता या तक्त्यात घर कुठे बसवायचं? दहा वर्षं वसतिगृहात काढलेल्या मुलीला आई कशी असते हे पाहायलाच मिळालं नाही, आणि तिच्या लेकरांना आजीची भाषा. या लेकरांसाठी अर्जच नव्हता. ३० मे २००५च्या आधी वारलेल्यांच्या वारसांनाही पहिल्या खिडकीत काही नाही. शाळेतून संध्याकाळी घरी जाणाऱ्यांना २०२१ची वेगळी तडजोड होईपर्यंत थांबावं लागलं. भाषा आणि संस्कृतीच्या नुकसानीचे पैसे २०२३मध्ये आले : ३२५ समुदायांसाठी २.८ अब्ज डॉलरचा न्यास. तोही समुदायांना, एकेकट्या कुटुंबाला नव्हे.

दोन्ही खिडक्या कधीच्या बंद झाल्या, एक काम उरलंय. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७च्या निकालानुसार दुसऱ्या खिडकीतल्या फायली १९ सप्टेंबर २०२७ला नष्ट होतील. त्याआधी दावेदाराला आपल्या कागदांची प्रत मागता येते (इतरांची नावं काळी करून मिळते), किंवा विनिपेगच्या राष्ट्रीय सत्य व समेट केंद्रात ते जपायला देता येतात, खुले किंवा मर्यादित. काहीच कळवलं नाही तर फाइल जाते. निवड दावेदाराचीच, नातवंडांना फाइल मागता येत नाही.