राजारामपुरीतली आठ आठवड्यांची रिसर्च इंटर्नशिप: सर्टिफिकेटला एक स्टार, दादाला पाच

लॅबचं नाव लिहीत नाही, कोल्हापुरात कोण कुणाचा पाव्हणा निघेल सांगता येत नाही. राजारामपुरीत एका गल्लीत पहिल्या मजल्यावर आहे, पाण्याचे नि फूडचे सँपल तपासतात आणि उन्हाळ्यात बीएस्सीच्या पोरांना ‘रिसर्च इंटर्नशिप’ देतात. फी १८ हजार, चहा आपला आपण.

माझी केस जरा वेगळी आहे. जन्म अमेरिकेतला, मी दोन वर्षांचा असताना बाबा परत आले, त्यामुळं पासपोर्ट तिकडचा आणि जीभ इथली. डॉक्टर व्हायचंय ते तिकडंच. तिकडं बारावी झाली की एमबीबीएस असं नसतंय, आधी कॉलेजची डिग्री, मग एमकॅट म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, मग मेडिकल. बरं इथले बीएस्सीचे मार्क त्यांची अर्जाची सिस्टीम, एएमसीएएस, तपासून धरत नाही, म्हणून तिकडं आत्याकडं राहून काही विषय परत करायचेच आहेत, ते रडगाणं वेगळं. पण त्या अर्जात १५ ॲक्टिव्हिटी लिहायला जागा असते, प्रत्येकीला ७०० कॅरेक्टर, आणि किती तास केलं ते आकड्यात. रिसर्च सगळीकडं सक्तीचा नाही हं, पण बऱ्याच पोरांच्या अर्जात असतोच, म्हणून मी पैसे भरले.

पहिले दोन आठवडे पाण्यात. पीपीटी बघा, काचेची भांडी धुवा, परत पीपीटी. मालक रोज येऊन “आपल्याकडं सगळं इंटरनॅशनल लेव्हल” म्हणून जायचे. तिसऱ्या आठवड्यात मला दादाच्या हाताखाली दिलं. दादा म्हणजे तिथला ॲनालिस्ट, एमएस्सी झालेला, कागलहून बसनं येतो, दिवसाला वीसेक शब्द बोलत असेल.

काम होतं पंचगंगेच्या पाण्यातला ई. कोलाय हा बॅक्टेरिया वेगळा करून त्याच्यावर कुठलं अँटिबायोटिक चालतंय ते बघायचं. म्यूलर-हिंटन आगरच्या, म्हणजे बॅक्टेरिया वाढवायच्या जेलीच्या, प्लेटवर तो एकसारखा पसरायचा, वर औषधाच्या बारीक चकत्या ठेवायच्या, ३५ डिग्रीला १६ ते १८ तास, आणि सकाळी चकतीभोवती जे रिकामं वर्तुळ पडतं ते मिलिमीटरमध्ये मोजायचं. माझी वर्तुळं ही ऐसपैस! मी खूश, सगळी औषधं लागू पडताहेत. दादानं एक प्लेट उचलली, उजेडाकडं आडवी धरली आणि म्हणाला, “आगर किती ओतलंस?” पट्टी लावली तर अडीच मिलिमीटर. पाहिजे चार. थर पातळ असला की औषधाला खाली मुरायला जागा मिळत नाही, मग ते बाजूला पसरतं आणि वर्तुळ फुगतं. आदल्या दिवशी आगर कमी पडेल म्हणून मीच हात आखडून ओतलं होतं. वीसच्या वीस प्लेटा ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेवर जंतू मारून टाकून द्यायला, गेल्या. दुसऱ्या दिवशी टेबलाखाली पुठ्ठे घालून लेव्हल केली, प्रत्येक प्लेटीत २५ मिली मोजून ओतलं, आणि सोबत एटीसीसी २५९२२ ची एक प्लेट, म्हणजे ज्याचं उत्तर आधीच ठरलेलं आहे तो ई. कोलाय. तो चुकला की आपलं सगळंच चुकलं.

मग वळवाच्या पावसात रात्री लाईट गेली. इन्व्हर्टर मालकांच्या केबिनला, प्लेटा ३५ डिग्रीला ठेवायच्या इन्क्युबेटरला नाही. मी म्हटलं मोजून टाकू की. दादा म्हणाला, “किती वेळ गेली होती माहितीय तुला? नाही ना? मग टाक.” लई राग आला तेव्हा.

आता मालकांचं ऐका. सर्टिफिकेटवर २४० तास, माझ्या वहीत १३२. सांगायला गेलो तर “जास्तच लिहिलंय, फायदाच की तुझा.” शिफारसपत्र तिघांना एकच, माझ्या इंग्रजी पत्रात मी दोन ठिकाणी ‘शी’, म्हणजे मुलगी आहे. वर सहा हजार दिले तर एका पेपरात नाव घालतो म्हणाले, पेपर कशावर तर माशांवर. अरे मी तिथं मासा बघितलेला नाही! अर्जात पेपर लिहिला की इंटरव्ह्यूला त्याच्यावर विचारू शकतात, तिथं मी काय तांबडा-पांढऱ्यावर बोलू?

जाणाऱ्यांनी एकच करा, हाताखाली कोणाच्या देणार ते फी भरायच्या आधी विचारा आणि त्या माणसाला भेटा. त्याआधी कॉलेजातल्या सरांना फुकट काम मागून बघा, मी विचारलंच नव्हतं. सायन्स अकॅडमींची समर फेलोशिप पण आहे, दोन महिने, वर स्टायपेंड मिळतो, फक्त अर्ज उन्हाळ्याच्या कितीतरी आधी बंद होतात, मला मे महिन्यात कळलं, काय उपयोग. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेची एसटीएस, म्हणजे विद्यार्थ्यांची रिसर्च स्कीम, मात्र मेडिकल-डेंटलला आधीच लागलेल्यांसाठी, आपल्याला नाही.

अर्जाचा कच्चा ड्राफ्ट केलाय. तास १३२ च लिहिलेत, आणि ७०० कॅरेक्टरातली निम्मी त्या अडीच मिलिमीटरवर गेलीत. दादा दुसरीकडं नोकरीला लागला तर हा रिव्ह्यू रद्द समजा.