डेबियनचं ‘ॲप्ट’: पाच आवृत्त्या वापरल्यावर

मी ध्वनिमुद्रणं संपादित करते. लोकांनी मोठ्याने वाचलेल्या पुस्तकांची तासन्‌तासांची रेकॉर्डिंग माझ्याकडे येतात. श्वास, खोकला, पान उलटल्याची सळसळ काढून मी ती परत पाठवते. हे सगळं काम डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतं. डेबियन ९ पासून आजच्या १३ पर्यंत मशीन एकदा बदललं, डेबियन तेच राहिलं. इथे मात्र मी ऑडिओच्या सॉफ्टवेअरबद्दल लिहिणार नाही. ते सॉफ्टवेअर मशीनवर आणणारं, सांभाळणारं आणि वेळ आली की काढून टाकणारं जे ॲप्ट आहे, त्याच्याबद्दल लिहायचं आहे.

लिनक्सवर काही बसवायचं म्हणजे डिपेंडन्सीचा (एका सॉफ्टवेअरला चालायला लागणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरचा) गुंता, हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता त्यावर सविस्तर बोलावंसं वाटतं. गुंता होतो, हे खरं आहे. पण ॲप्ट ज्या क्षणी ‘नाही’ म्हणतं तो क्षण लोकांना बिघाड वाटतो, आणि मला तीच त्याची सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. ते नकार देतं, आणि का देतंय ते सांगतं. फक्त सांगण्याची त्याची भाषा रुक्ष आहे, आणि ती वाचायला आपल्याला कुणी शिकवत नाही.

आधी डिपेंडन्सी मुळात असतातच कशाला, ते सांगते. डेबियनमध्ये एक लायब्ररी (अनेक प्रोग्रॅमांना लागणारा तयार कोड) एकदाच बसते आणि ज्यांना लागते ते सगळे प्रोग्रॅम तीच वापरतात. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीतली हार्टब्लीड ही चूक उघड झाली, तेव्हा याचं मोल सगळ्यांना दिसलं. एक लायब्ररी बदलली, तिच्यावर चालणाऱ्या सेवा पुन्हा सुरू केल्या, की ती चूक सगळ्यांमधून एकदम गेली. ज्या प्रोग्रॅमांनी लायब्ररीची आपापली प्रत पोटात बाळगली होती, त्यांना एकेकाला शोधून दुरुस्त करावं लागलं. सामायिक विहिरीसारखंच आहे हे. विहीर एकदा साफ केली की सगळ्यांचं पाणी साफ होतं, पण तिच्यात कोण काय टाकतंय याकडे लक्ष ठेवावं लागतं. ॲप्ट तेच लक्ष ठेवतं.

आता त्याच्या नकाराकडे येते. ‘द फॉलोइंग पॅकेजेस हॅव अनमेट डिपेंडन्सीज’ ही ओळ (म्हणजे या पॅकेजांना, बसवायच्या सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांना, लागणाऱ्या गोष्टी मिळत नाहीत) दिसली की बहुतेक जण तिथेच थांबतात आणि ती ओळ शोधयंत्रात टाकतात. खरी माहिती तिच्या खालच्या ओळीच्या शेपटीला असते. तिथे तीनपैकी एक गोष्ट लिहिलेली असते, आणि तिन्हींचे अर्थ वेगळे.

‘बट इट इज नॉट इन्स्टॉलेबल’ असं असेल, तर तुम्ही मागताय त्या पॅकेजला लागणारं दुसरं पॅकेज तुमच्या रिपॉझिटरींमध्ये (ॲप्ट जिथून पॅकेजं आणतं त्या साठ्यांमध्ये) नाहीच. एक तर तुमची सोर्सेसची, म्हणजे त्या साठ्यांची, यादी अपुरी आहे, नाही तर तुम्ही मागितलेलं पॅकेज दुसऱ्या काळासाठी बनवलेलं आहे. माझ्या स्कॅनरच्या कंपनीने दिलेली डेब फाइल (डेबियनसाठीचं पॅकेज) मी डेबियन १२ वर बसवायला गेले, तेव्हा नेमकं हेच आलं. तिला हवं होतं लिबएसएसएल१.१, म्हणजे ओपनएसएसएलची जुनी मालिका. डेबियन १२ मध्ये आहे लिबएसएसएल३. फाइलमध्ये दोष नव्हता, ती फक्त जुन्या काळातली होती.

‘बट इट इज नॉट गोइंग टू बी इन्स्टॉल्ड’ असं असेल, तर ते लागणारं पॅकेज आहे, पण ते घेतलं तर दुसरीकडे काहीतरी अडतंय. अशा वेळी मी त्याच पॅकेजचं नाव देऊन ते एकटं बसवून बघते. ॲप्ट मग एक पायरी खालचं कारण सांगतं. तेही अडलं, तर त्याच्या खालचं. तिसऱ्या-चौथ्या पायरीला पाणी कुठे मुरतंय ते सापडतं, आणि माझ्या अनुभवात तिथे जवळपास नेहमी बाहेरून आणलेलं एखादं पॅकेज बसलेलं असतं.

तिसरा प्रकार ‘बट अमुक व्हर्जन इज टू बी इन्स्टॉल्ड’. म्हणजे लायब्ररी आहे, पण आवृत्ती जुळत नाही. इथे ‘ॲप्ट-कॅश पॉलिसी’ आणि पुढे पॅकेजचं नाव, एवढी एकच आज्ञा पुरते. बसलेली आवृत्ती कोणती, मिळू शकणारी कोणती, आणि प्रत्येक आवृत्ती कुठल्या रिपॉझिटरीतून येते, हे सगळं तिथे दिसतं. ॲप्टमधली एकच आज्ञा शिकायची असेल तर हीच शिका.

एका संदेशाबद्दल मात्र माझी तक्रार आहे. शेवटी येणारं ‘यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’ हे वाक्य माणसाला भलत्याच वाटेला लावतं. वाचणाऱ्याला वाटतं की आपण काहीतरी होल्डवर ठेवलंय, म्हणजे ‘हे बदलू नको’ असं ॲप्टला सांगितलंय. प्रत्यक्षात ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ चालवावं तर यादी बहुतेक वेळा रिकामी. नवख्या माणसाचा एक अख्खा तास या वाक्यापायी जातो, आणि तो जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आता ती रात्र. डेबियन १२ वर मला एका नव्या ऑडिओ कोडेकसाठी (आवाज साठवण्याच्या पद्धतीसाठी) एफएफएमपेग या ऑडिओ-व्हिडिओ रूपांतराच्या सॉफ्टवेअरची ताजी आवृत्ती हवी होती. कुठे तरी एक खाजगी रिपॉझिटरी सापडली. मल्टिमीडियाचं सगळं ताजं मिळेल, असं तिथे लिहिलं होतं. मी तिची ओळ सोर्सेसमध्ये टाकली, तिची सही तपासणारी किल्ली जोडली आणि ‘ॲप्ट फुल-अपग्रेड’ दिलं. इथे एक फरक लक्षात ठेवा. साधं ‘ॲप्ट अपग्रेड’ बसलेलं पॅकेज कधीच काढत नाही. ‘फुल-अपग्रेड’ला गरज पडली तर ते काढतं. पडद्यावर लांबलचक यादी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी सात तासांचं रेकॉर्डिंग द्यायचं होतं, डोळे मिटत होते, आणि मी यादी न वाचता ‘वाय’ दाबलं. रिबूट केल्यावर काळा पडदा आणि लॉगिनची एक ओळ. डेस्कटॉप गेला होता.

मी घाबरले. काम होतं ते रेकॉर्डिंग दुसऱ्या डिस्कवर सुरक्षित होतं, तरी हात थरथरत होते. टर्मिनलवर लॉगिन केलं. नेटवर्क शाबूत होतं. मग ॲप्टची एक बाजू मला पहिल्यांदा नीट कळली: ते सगळं लिहून ठेवतं. ‘/व्हार/लॉग/ॲप्ट’ या फोल्डरमधल्या हिस्टरी फाइलमध्ये तारीख, वेळ, मी दिलेली आज्ञा, आणि खाली ‘रिमूव्ह’ शब्दापुढे गेलेल्या प्रत्येक पॅकेजचं नाव होतं. काय बिघडलं याचा अंदाज बांधायची गरजच नव्हती.

कारण आवृत्तीच्या आकड्यात होतं. डेबियन १२ मधल्या एफएफएमपेगची आवृत्ती ७:५.१ अशी सुरू होते. कोलनच्या आधीचा तो ७ म्हणजे इपॉक. दोन आवृत्त्या पडताळताना ॲप्ट सगळ्यात आधी इपॉक बघतं. तो मोठा असेल, तर पुढचे आकडे काहीही असोत, तीच आवृत्ती नवी ठरते. त्या खाजगी रिपॉझिटरीने आपला इपॉक डेबियनपेक्षा मोठा ठेवला होता. त्यामुळे तिथली प्रत्येक लायब्ररी ॲप्टच्या लेखी कायमची ‘नवी’, आणि डेबियनकडून कितीही अपडेट आले तरी ते मागेच पडणार. त्या लायब्ररींशी डेस्कटॉपच्या काही पॅकेजांचं जमेना, म्हणून ॲप्टने ती काढली. काढणार असं आधी सांगून काढली. मी वाचलं नव्हतं.

परतीची वाट अशी. सोर्सेसमधून ती रिपॉझिटरी काढली. नुसतं तेवढ्याने भागत नाही, कारण बसलेलं ‘नवं’ पॅकेज सोडून ॲप्ट आपणहून मागे येत नाही. मग प्रेफरन्सेसच्या फोल्डरमध्ये तीन ओळींची फाइल लिहिली: सगळी पॅकेजं, डेबियन स्टेबल (डेबियनची स्थिर आवृत्ती), प्राधान्य १००१. हजाराच्या वर प्राधान्य दिलं की ॲप्ट जुन्या आवृत्तीकडे परतायला तयार होतं. या वेळी यादी ओळ न्‌ ओळ वाचली. ‘डाउनग्रेडेड’ या मथळ्याखाली फक्त त्या रिपॉझिटरीतली पॅकेजं होती. होकार दिला. नंतर हिस्टरी फाइलमधली नावं उचलून डेस्कटॉप पुन्हा बसवला आणि ती प्राधान्याची फाइल पुसून टाकली. पहाटे साडेतीनला माझा नेहमीचा पडदा समोर होता. असं मागे येणं दरवेळी सुखरूप होईलच याची हमी कुणी देत नाही, हेही सांगायला हवं. माझ्या बाबतीत सगळा घोळ काही लायब्ररींपुरताच होता, म्हणून निभावलं.

मला हवा असलेला तो कोडेक शेवटी फ्लॅटपॅकने, म्हणजे ॲप्टला वगळून ॲप्स बसवण्याच्या एका वेगळ्या पद्धतीने, मिळाला. फ्लॅटपॅकबद्दल डेबियनच्या जुन्या लोकांमध्ये थोडी नाराजी दिसते, ती मला पटत नाही. ॲप आपल्यासोबत ठरावीक रनटाइम (लागणाऱ्या लायब्ररींचा संच) घेऊन येतं, त्यामुळे खालच्या सिस्टिममध्ये काय आहे याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नसतं. जुनी, स्थिर सिस्टिम आणि एखादंच ताजं ॲप, ही गरज असेल तर याहून सोपी वाट मला माहीत नाही. बदल्यात जागा जाते. वेगवेगळी ॲप्स वेगवेगळे रनटाइम मागतात, प्रत्येकाचा आकार शेकडो एमबी. महिन्यातून एकदा ‘फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल’ला ‘अनयूज्ड’ हा पर्याय जोडून चालवलं की बिनकामाचे निघून जातात. दुसरी अडचण सँडबॉक्सची. ॲपला तुमच्या सगळ्या फोल्डरमध्ये शिरता येईलच असं नाही, आणि ऑडिओ प्लगइन वेगळ्या जागी ठेवलेले असतील तर ते दिसत नाहीत. म्हणून माझं मुख्य संपादनाचं सॉफ्टवेअर आजही ॲप्टमधून येतं, आणि रूपांतराची दोन छोटी ॲप्स फ्लॅटपॅकमधून. ॲपइमेज ही तिसरी पद्धत मी फारशी वापरत नाही. एक फाइल, डबल क्लिक, झालं, हे छान आहे, पण अपडेटची जबाबदारी आपल्यावर पडते. शिवाय अनेक ॲपइमेजना फ्यूज नावाच्या फाइल-सिस्टिमच्या सोयीची जुनी लायब्ररी लागते, म्हणजे तिथेही डिपेंडन्सी आलीच.

पायथनवाल्यांसाठी एक गोष्ट. डेबियन १२ पासून पिप या पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या साधनाने सिस्टिममध्ये काही टाकायला गेलं की ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ असं म्हणून तो अडवतो. अडवणाऱ्या संदेशातच ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ नावाच्या पर्यायाचा उल्लेख असतो, आणि खूप जण तो लगेच वापरतात. कृपया वापरू नका. त्या पर्यायाच्या नावातच इशारा आहे. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे पायथनच्या पॅकेजांसाठी सिस्टिमपासून वेगळी जागा, बनवायला एक ओळ लागते.

डेबियन १३ मध्ये ॲप्ट ३.० आलंय, आणि माझ्यासाठी त्यातला सगळ्यात मोठा बदल दिसण्यातला आहे. पॅकेजांची नावं आता रांगा-स्तंभांत येतात, आणि जे काढलं जाणार ते लाल रंगात दिसतं. त्या रात्री हा लाल रंग असता तर माझं बोट ‘वाय’वर नक्कीच थबकलं असतं. याच १३ मध्ये शेकडो लायब्ररींच्या नावाला ‘टी६४’ अशी शेपटी लागली आहे. ३२ बिटचं घड्याळ १९ जानेवारी २०३८ ला संपतं, त्याच्या तयारीतला हा बदल आहे. पण त्यामुळे इकडेतिकडे लिहिलेल्या जुन्या आज्ञा अडतात. ‘लिबएसाउंड२’ मागितलं, तर ॲप्ट म्हणतं की हे नुसतं व्हर्च्युअल नाव आहे, ते पुरवणारी पॅकेजं अमुक-अमुक. घाबरू नका, त्या यादीतलं टी६४वालं घ्या.

ज्याला दर आठवड्याला प्रत्येक ॲपची नवी आवृत्ती हवी असते, त्याला ॲप्ट आणि डेबियन स्टेबल ही जोडी संथ वाटेल. ज्याचं पोट या मशीनवर चालतं आणि ज्याची यादी वाचायची तयारी आहे, त्याला मी बिनधास्त सुचवते. पाचपैकी साडेचार. तो अर्धा गुण ‘हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’ या वाक्यापायी गेला.

राहिला तो स्कॅनर. डेबियन १२ वर मी लिबएसएसएल१.१ डेबियन ११ मधून आणून हाताने बसवलं आणि स्कॅनर चालू केला. त्या मालिकेचा ओपनएसएसएलकडून मिळणारा आधार ११ सप्टेंबर २०२३ ला संपला, हे कळल्यापासून ते पॅकेज मला खुपत होतं. १३ वर जाण्याआधी, आता कुठल्याच रिपॉझिटरीत नसलेल्या पॅकेजांची यादी ॲप्टकडून काढली. तीन नावं निघाली, त्यात हे होतं. काढायला सांगितलं तर स्कॅनरचं पॅकेजही जाईल, असं ॲप्टने सांगितलं. वाचलं, जरा विचार केला आणि होकार दिला. अपग्रेड झाल्यावर डेबियनचंच सेन-एअरस्कॅन हे स्कॅनर चालवणारं पॅकेज बसवलं आणि स्कॅनिंगचं ॲप उघडलं. कंपनीची एकही फाइल मशीनवर नव्हती, आणि यादीत माझा स्कॅनर दिसत होता.