बेटिंग एक्सचेंज: लेस्टरला दीड वर्ष वापरलं त्याचा अनुभव, आणि नाशिकमध्ये 'आयडी' म्हणून जे मिळतं त्याबद्दल

नोकरीसाठी इंग्लंडमध्ये लेस्टरला होतो तेव्हा तिथलं एक लायसन्सवालं एक्सचेंज दीड वर्ष वापरलंय. मागच्या आठवड्यात सिडकोतला चुलतभाऊ मोबाईलवर तशीच निळी-गुलाबी स्क्रीन दाखवून विचारत होता, दादा तू वापरायचास ते हेच ना. हेच नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

एक्सचेंज म्हणजे लासलगावची बाजार समिती समजा. समिती स्वतः कांदा घेत नाही की विकत नाही, जागा देते आणि फी घेते. तसंच इथे तुमच्यासमोर बुकी नसतो, दुसरा खेळणारा असतो, आणि एक्सचेंज जिंकणाऱ्याच्या नफ्यातून कमिशन कापतं, साधारण २ ते ५ टक्के. २००० साली लंडनला बेटफेअरने हे सुरू केलं आणि पुढे बाकीच्यांनी तोच साचा उचलला. निळं बटण बॅक, म्हणजे टीम जिंकेल. गुलाबी ले, म्हणजे जिंकणार नाही. आपल्याकडे लगाई-खाई म्हणतात तेच. भाव ३ (म्हणजे १ लावला तर मुद्दलासकट ३ परत) असताना १० पाउंड बॅक केले आणि टीम जिंकली तर २० नफा, ५ टक्के कमिशन गेलं की हातात १९.

नवीन माणूस अडकतो तो ले मध्ये, मीपण अडकलो. टी-ट्वेंटीत एका कमजोर टीमवर भाव ६ होता, मी १० पाउंड ले टाकले, डोक्यात एवढंच की गेले तर १० जातील. पण ले करताना समोरच्याचा नफा तुम्ही भरायचा असतो, म्हणजे १० गुणिले ५, सरळ ५० पाउंड. ती टीम जिंकली आणि आठवड्याच्या किराण्याचे पैसे गेले. स्क्रीनवर लायबिलिटी म्हणून आकडा दिसतो, तो वाचल्याशिवाय कन्फर्म दाबूच नका.

आवडलं ते म्हणजे मॅच चालू असताना बाहेर पडता येतं. ३ ला १० बॅक केले, टीम चांगली खेळली, भाव २ वर आला की १५ ले टाकायचे, मग कुणीही जिंको, ५ पाउंड तुमचे, त्यातून कमिशन जाईल तेवढंच. फक्त समोर कुणीतरी तुमची बेट घेतली पाहिजे, नाहीतर ती अनमॅच्ड पडून राहते. मोठ्या मॅचला प्रॉब्लेम नाही, काउंटीच्या मॅचला मात्र शुकशुकाट असायचा. आणि टीव्ही काही सेकंद मागे असतो, ग्राउंडवर बसलेल्याला विकेट आधी दिसते, त्यामुळे घरून बॉल-टू-बॉल खेळणं म्हणजे नुकसानच. पहिल्यांदा पैसे काढताना कागदपत्रं तपासण्यात चार दिवस घालवले तेही नाही आवडलं, पण डिपॉझिट लिमिट स्वतः लावता यायचं, ते खरंच कामाला आलं. माझ्याकडून पाचपैकी साडेतीन.

आता भावाचं. त्याच्याकडचा आयडी, म्हणजे लॉगिन, एका ओळखीच्याने व्हॉट्सअॅपवर दिलेला, पैसे दरवेळी वेगळ्याच माणसाच्या यूपीआयवर पाठवायचे, स्क्रीनवर रुपये नाही पॉइंट. दिसायला एक्सचेंज, पण आयडी देणारा आणि त्याच्या वरचे हेच समोरची बाजू, म्हणजे बुकीच. फॅन्सी, सेशन (अमुक ओव्हरमध्ये किती रन होतील असले सौदे) वगैरे जे दिसतं त्यात समोर दुसरा खेळणारा नसतोच, भाव तेच ठरवतात. शिवाय २०२५ च्या ऑगस्टमध्ये जो ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला त्यात पैसे लावून ऑनलाइन खेळवायला पूर्ण बंदी आहे, चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ कोटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्यामुळे इथे लायसन्सवालं एक्सचेंज असा प्रकारच नाही, आणि पैसे अडकले तर दाद मागायची कुठे? भावाचे १८ हजार पॉइंट तीन आठवडे 'उद्या देतो' वर आहेत.

त्याहून मला भीती वाटली ती आधी मिळालेल्या २ हजारांची. ते अनोळखी खात्यातून आले होते, आणि अशा खात्यावर सायबरची तक्रार झाली की पैसे ज्याला गेले त्याचंही खातं फ्रीज होऊ शकतं. अंबडच्या कंपनीचा त्याचा पगार त्याच खात्यात येतो. हे सांगितल्यावर गप्पच झाला, मग माझ्यासमोरच त्या माणसाला फोन लावून आयडी बंद करायला सांगितला. १८ हजारांचं अजून काही झालेलं नाही.