चाटी गल्लीतलं चादरीचं दुकान आणि 'चीप' हा शब्द

मागच्या रविवारी भाचीला घेऊन सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या आमच्या नेहमीच्या दुकानात गेले होते, ती पुण्याला शिकायला असते ना, तिच्या रूमसाठी चादरी घ्यायच्या होत्या. सिंगल चादर ४५० ला. भाव ऐकून पोरगी एवढी खुश झाली की जोरात म्हणाली, "काका, किती चीप आहे हो तुमच्याकडं!" तिला कौतुकच करायचं होतं, पण गल्ल्यावरचे काका एकदम गप्पच झाले. मग घडी मोडून चादर उलटी केली आणि म्हणाले, "स्वस्त म्हण की बाळ, चीप नको म्हणू." सरळ बाजूला मरून रंगाच्या जमिनीवर पांढरा मोर, उलट्या बाजूला पांढऱ्यावर मरून मोर, नक्षी तीच. नक्षी विणणाऱ्या जेकार्ड मागावरची, प्युअर कॉटन. हातात घेतली की वजनच कळतं.

मला काकांचं बोलणं शंभर टक्के पटलं. चीप या शब्दाचा मूळ अर्थ सौदा, बाजार असा होता, लंडनमध्ये चीपसाइड नावाचा रस्ता आहे तिथं जुन्या काळी बाजारच भरायचा. पण आता त्यात कमी किंमत पण येते आणि हलका माल पण येतो, माणसाला लावला तर शिवीच. आपल्याकडं कसं, स्वस्त वेगळं आणि हलकं वेगळं, भाजीवालीला "मावशी स्वस्त दिली हो" म्हटलं तर ती वर चार मिरच्या टाकेल, माल हलका आहे म्हणून बघा एकदा! अन आपण दुकानांच्या पाट्यांवर 'चीप अँड बेस्ट' लिहितो ते आपल्याला गोड वाटतं, बाहेरच्या माणसाला मात्र त्यातला चीपच आधी दिसतो.

मग म्हणायचं काय? रीझनेबल म्हणा, म्हणजे मालाच्या मानानं भाव वाजवी. अफोर्डेबल म्हणजे घेणाऱ्याच्या खिशाला परवडणारं, ते माणसागणिक बदलतं, मला परवडेल ते भाचीला परवडेलच असं नाही. आणि एक, इंग्रजीत वस्तू चीप असते, किंमत लो असते, चीप प्राइस लिहिलं की इंग्रजीचे सर लाल रेघ मारतात.

चीप म्हणायचंच असेल तर मी गेल्या वर्षी ऑनलाइन घेतलेल्या चादरीला म्हणा. 'सोलापुरी' म्हणून २२० ला आली, दोन धुण्यात गोळे आले आणि बादलीभर लाल पाणी. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव इथल्याच मालाला लावायचं, तरी कुठलीही पॉलिस्टर मिक्स चादर आपल्या गावाच्या नावानं खपवतात, याचा खरंच राग येतो.

दुकानाला माझे पाचपैकी पाच. टॉवेल पण बघा, पाणी मस्त ओढतात. फक्त जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत जाऊ नका, पाय ठेवायला जागा नसते. आणि भाचीनं निघताना काकांना "रीझनेबल आहे हो" म्हटलं, तर त्यांनी दोन रुमाल पिशवीत तसेच टाकले, पैसे घेतलेच नाहीत.