सांधेदुखी: हाडांचे डॉक्टर की संधिवाततज्ज्ञ?

सांधे दुखायला लागले की बरेच जण आधी रक्त तपासून येतात. आमवातासाठी (रुमॅटॉइड आर्थरायटिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो आजार) केली जाणारी ‘आरए फॅक्टर’ ही तपासणी पॉझिटिव्ह आली की हादरतात, निगेटिव्ह आली की निर्धास्त होतात. दोन्ही चुकीचं. आमवाताच्या २० ते ३० टक्के रुग्णांत हा फॅक्टर सापडतच नाही आणि काही धडधाकट म्हाताऱ्या माणसांत सापडतो. अँटी-सीसीपी ही आमवाताची दुसरी रक्ततपासणी त्यामानाने भरवशाची. पण कोणाकडे जायचं, हे बऱ्याचदा सकाळचा पहिला तासच सांगून जातो.

झिजेच्या संधिवातात, म्हणजे ऑस्टिओआर्थरायटिसमध्ये, उठल्यावर गुडघा आखडलेला असतो, पण अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो. मग दिवसभर वापरला की संध्याकाळी ठणकतो. आमवाताचं उलट. रात्रभर झोपूनही सकाळी मूठ वळत नाही, शर्टाचं बटण लागत नाही, आणि हे तासभर किंवा त्याहून जास्त चालतं. हात हलता झाला की बरं वाटतं.

आता हात उजेडात धरा. नखाजवळच्या पेरावर हाडासारखी टणक गाठ असेल तर बहुधा झीज. आमवात ते पेर सहसा सोडतो. तो मुठीचे उंचवटे, मधली पेरं आणि मनगटं धरतो, बहुतेकदा दोन्ही हातांत सारखीच. तिथली सूज दाबली तर मऊ लागते. हस्तांदोलनात कुणी हात जरा जोरात दाबला की कळ येते, तीही याच जागी. सोरायसिसचा संधिवात मात्र नखाजवळचं पेरही धरतो, तेव्हा नखांवर खड्डे दिसतात का तेही पाहा.

ल्युपस, स्क्लेरोडर्मा, शोग्रेन हे संयोजी ऊतींचे, म्हणजे शरीराचे अवयव जोडून-सांधून धरणाऱ्या ऊतींचे आजार. यांत सांधे ही फक्त एक तक्रार. उन्हात गेल्यावर गालांवर चट्टा उठतो का? तोंड वारंवार येतं का? गारठ्यात बोटं आधी पांढरी, मग निळी पडतात का? डोळे सतत कोरडे असतात का? ल्युपसच्या दहा रुग्णांत साधारण नऊ स्त्रिया, त्याही बहुतेक तरुण. त्यात सांधे खूप दुखतात, पण हाड सहसा झिजत नाही. एक्स-रे स्वच्छ येतो आणि ‘काही नाही’ म्हणून बाईची बोळवण होते. मूत्रपिंड मात्र गुपचूप बिघडत असू शकतं, ते लघवीतल्या प्रथिनांवरून कळतं. ही साधी तपासणी मला एएनए या ल्युपससाठीच्या रक्ततपासणीपेक्षा मोलाची वाटते. एएनए ल्युपसमध्ये जवळजवळ सगळ्यांचा पॉझिटिव्ह येतो, पण ठणठणीत माणसांतही कमी पातळीवर पुष्कळांचा येतो.

झीज असेल तर घाई नाही. हाडांचे डॉक्टर, फिजिओथेरपी, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, वजन आटोक्यात ठेवणं. शस्त्रक्रियेचा विचार शेवटी. आमवात किंवा ल्युपसची शंका असेल तर संधिवाततज्ज्ञच, आणि तेही लवकर. आमवातात पहिल्या काही महिन्यांतच हाड कुरतडायला सुरुवात होऊ शकते. नुसत्या वेदनाशामकाने दुखणं दबतं, कुरतडणं थांबत नाही. मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं औषध मिळालं तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं.

एकच सांधा अचानक लाल, गरम झाला आणि ताप आला, तर दोघांचीही वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय.

तपासायला जाताना सकाळी उठल्या उठल्या काढलेला हाताचा फोटो न्या. दुपारच्या वेळेपर्यंत सूज थोडी उतरलेली असू शकते.